संगणक कार्यप्रणालींची अस्थिरता आणि ग्राहकांचा असंतोष : एक ऐतिहासिक आढावा (१९९० ते २०२४)

प्रस्तावना

विकत घेतलेली वस्तू सदोष निघाली तर ती दुकानदाराकडे परत नेणे हा ग्राहकाचा स्वाभाविक व्यवहार आहे. पंखा फिरेनासा झाला किंवा कापडाचा रंग उतरला तर दोष वस्तूचा मानला जातो आणि त्याची भरपाई विक्रेत्याने वा उत्पादकाने करावी अशी अपेक्षा असते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात घरांत व कार्यालयांत पोहोचलेल्या वैयक्तिक संगणकाने या रीतीला एक विलक्षण अपवाद निर्माण केला. संगणक चालता चालता थांबला, पडदा निळा झाला, दोन तासांचे टंकलेखन नाहीसे झाले, तरी वापरकर्ता संगणक बंद करून पुन्हा सुरू करी आणि काम पहिल्यापासून आरंभी. त्याला संताप येई. परंतु त्या संतापाचे रूपांतर दाव्यात क्वचितच होई.

असे का घडले आणि ही स्थिती कशामुळे बदलली, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनाच्या केंद्रस्थानी मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, आहे. जगातील बहुसंख्य वैयक्तिक संगणक या काळात तिच्यावरच चालत असल्यामुळे ग्राहकांच्या असंतोषाचा इतिहास मुख्यतः तिच्याशी निगडित आहे. लेखातील मुख्य प्रतिपादन असे की, सॉफ्टवेअरची अस्थिरता ही केवळ तांत्रिक उणीव नव्हती. बिघाडाचा खर्च कोणी सोसायचा याविषयीची ती एक व्यवस्था होती आणि तीत तो खर्च ग्राहकाच्या माथी येत होता. ग्राहकांची नाराजी परिणामकारक ठरली ती तिची मोजदाद होऊ लागल्यानंतर. मात्र ही मोजदाद उत्पादकाच्याच हाती राहिल्याने प्रश्नाचा एक भाग आजही अनुत्तरित आहे.

१. पूर्वपीठिका

सॉफ्टवेअरच्या अविश्वसनीयतेची चर्चा वैयक्तिक संगणकाच्या आधीपासूनची आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या विज्ञान समितीने भरविलेल्या परिषदेत ‘सॉफ्टवेअरमधील अरिष्ट’ या विषयाची उघड चर्चा झाली आणि ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा रूढ होण्यास चालना मिळाली. त्या काळी संगणकाचे ग्राहक म्हणजे बँका, विद्यापीठे, लष्कर आणि मोठे उद्योग. त्यांच्याकडे स्वतःचे तज्ज्ञ असत आणि उत्पादकाशी त्यांचा थेट संबंध असे. दोष आढळल्यास कोणाला बोलवावे, हे त्यांना ठाऊक होते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला आणि ही परिस्थिती पालटली. आता संगणक विकत घेणारा माणूस लेखनिक, दुकानदार, विद्यार्थी किंवा शिक्षक होता. याच यंत्राच्या निर्मितीत सहभागी असलेले अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबून संगणक पुन्हा सुरू करण्याची सोय केली. मुळात ती संगणक घडविणाऱ्यांच्या सोयीसाठी होती; चाचणीच्या वेळी वारंवार वीज बंद करावी लागू नये एवढाच तिचा हेतू होता. पुढील वीस वर्षांत मात्र तीच कोट्यवधी सामान्य वापरकर्त्यांची नित्याची कृती बनली. कारखान्यातील अवजार ग्राहकाच्या हाती गेले आणि त्यासोबत दुरुस्तीचे कामही त्याच्याकडे गेले, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

२. स्वस्त वाट आणि स्थिर वाट

मे १९९० मध्ये विंडोज ३.० प्रसिद्ध झाली आणि तिला मोठे व्यापारी यश मिळाले. या प्रणालीत अनेक कामे एकाच वेळी उघडता येत. परंतु एका आज्ञावलीने नियंत्रण स्वतःहून सोडले तरच दुसरीला संधी मिळे. एखादी आज्ञावली अडकली की सारा संगणक अडके. तसेच एका आज्ञावलीने दुसरीच्या किंवा प्रणालीच्या स्मृतिक्षेत्रात, म्हणजे मेमरीत, ढवळाढवळ केल्यास तिला पुरेसा अटकाव नव्हता. अशा वेळी पडद्यावर उमटणारी बिघाडाची सूचना वापरकर्त्यांच्या चांगल्याच परिचयाची झाली. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये तिच्या जागी दुसऱ्या नावाची सूचना आली. काही सुधारणाही झाल्या, परंतु मूळ रचना कायम राहिली.

या रचनेतील एक मर्यादा विशेष उल्लेखनीय आहे. पडद्यावरील खिडक्या, चित्रे व बटणे यांची नोंद ठेवण्यासाठी प्रणालीने राखून ठेवलेले काही कप्पे जेमतेम ६४ किलोबाइटचे होते. ते भरले की मेमरी अपुरी असल्याची सूचना येई. साहजिकच वापरकर्ता पैसे खर्चून अधिक मेमरी बसवी. परंतु त्या कप्प्यांचा आकार त्यामुळे वाढत नसे आणि सूचना येतच राही. प्रणालीतील उणिवेसाठी ग्राहकाने यंत्रावर खर्च करावा, असा हा प्रकार होता.

अधिक भक्कम कार्यप्रणाली कशी बांधावी याचे ज्ञान तेव्हा उपलब्ध नव्हते असे नाही. प्रत्येक आज्ञावलीला स्वतंत्र व संरक्षित स्मृतिक्षेत्र देण्याचे तंत्र मोठ्या संगणकांवर प्रस्थापित झालेले होते. डिजिटल इक्विपमेंट कंपनीतून १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आलेल्या डेव्हिड कटलर यांच्या नेतृत्वाखाली याच तत्त्वांवर विंडोज एनटी तयार झाली आणि जुलै १९९३ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. परंतु तिला किमान १२ मेगाबाइट मेमरी लागे. दोन वर्षांनंतर, २४ ऑगस्ट १९९५ रोजी, बाजारात आलेल्या विंडोज ९५ ची किमान गरज ४ मेगाबाइटची होती. मेमरी महाग असलेल्या त्या काळात हा फरक निर्णायक ठरला. स्थिर प्रणाली कार्यालयांसाठी आणि स्वस्त प्रणाली घरांसाठी, अशी विभागणी झाली.

दुसरे कारण सुसंगतीचे होते. जुन्या आज्ञावल्या व जुनी उपकरणे नव्या प्रणालीवर चालली नाहीत तर ग्राहक ती घेणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने अचूक ओळखले होते. म्हणून विंडोज ९५ मध्ये १६ बिटांचा जुना भाग मोठ्या प्रमाणावर राखण्यात आला. सिमसिटी या लोकप्रिय खेळात परत केलेली मेमरी पुन्हा वापरण्याचा दोष होता. तो खेळ नव्या प्रणालीवर बंद पडू नये म्हणून प्रणालीतच खास तजवीज करण्यात आल्याचे सॉफ्टवेअर व्यवसायातील जाणकार लेखक जोएल स्पॉल्स्की यांनी नमूद केले आहे. दुसऱ्याचा दोष सांभाळून घेणारी ही उदारता ग्राहकाच्या सोयीची होती, यात शंका नाही. परंतु जुन्याला दिलेल्या या मोकळीकेमुळेच एका सदोष आज्ञावलीने संपूर्ण संगणक खाली ओढण्याची शक्यताही शिल्लक राहिली. ग्राहकाला जे हवे होते आणि ज्याचा त्याला त्रास होत होता, त्या दोन्हींचे मूळ अशा प्रकारे एकच होते.

२० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना स्कॅनर जोडताच भव्य पडद्यावर निळा पडदा अवतरला. सभागृहात हशा पिकला आणि गेट्स यांनीही ही प्रणाली अद्याप विक्रीस का आलेली नाही याचे हे कारण असावे, अशा आशयाचा विनोद केला. दोन महिन्यांनी, २५ जून १९९८ रोजी, ती विक्रीस आली.

१९९९ मध्ये उघडकीस आलेला दोष तर अधिक बोलका आहे. विंडोज ९५ व ९८ मधील एक गणक संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजत असे. बत्तीस बिटांच्या या गणकाची मर्यादा ४,२९,४९,६७,२९६ इतकी असल्याने सुमारे ४९.७ दिवसांनी तो पुन्हा शून्यावर येई आणि संगणक गोठण्याची शक्यता निर्माण होई. विंडोज ९५ विक्रीस आल्यानंतर हा दोष जाहीर होण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागला. घरगुती संगणक रोज बंद केला जात असे, हे याचे एक कारण. परंतु न थांबता सात आठवडे चालणारा असा संगणक मुळातच दुर्मीळ होता, हे दुसरे.

ही स्थिती एकट्या मायक्रोसॉफ्टची नव्हती, हेही नोंदविणे आवश्यक आहे. ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाची जुनी प्रणालीही संरक्षित स्मृतिक्षेत्रापासून वंचित होती आणि बिघाडाच्या वेळी पडद्यावर बाँबचे चित्र दाखवीत असे. तिच्या जागी नवी प्रणाली आणण्याचा ‘कोपलँड’ हा प्रकल्प १९९६ मध्ये सोडून द्यावा लागला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपलने नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्यातून २४ मार्च २००१ रोजी मॅक ओएस टेन आली. एनटीच्या पायावर उभारलेली विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी घरगुती ग्राहकांपर्यंत पोहोचली. म्हणजे जे तंत्र मोठ्या संगणकांवर कित्येक दशके वापरात होते, ते सर्वसामान्य ग्राहकाच्या वाट्याला या दोन्ही प्रमुख प्रणालींच्या रूपाने एकाच वर्षी आले.

३. दोष कोणाचा?

बिघाडाची जबाबदारी निश्चित होऊ नये अशीच या व्यवस्थेची घडण होती. संगणक एका कंपनीचा, प्रणाली दुसरीची, छपाईयंत्र तिसरीचे आणि ते प्रणालीशी जोडणारी ‘ड्रायव्हर’ ही आज्ञावली बहुधा त्या तिसऱ्या कंपनीचीच. बिघाड झाला की प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे, हे सहज शक्य होते. आज्ञावलीने ‘बेकायदेशीर कृती’ केल्यामुळे ती बंद करण्यात येत असून त्रास कायम राहिल्यास तिच्या विक्रेत्याशी संपर्क साधावा, ही विंडोजची सूचना अनेकांना आठवत असेल. संगणकाचे ज्ञान नसलेल्या माणसाला त्यातील ‘बेकायदेशीर’ या शब्दानेच भय वाटे. आपल्याच हातून काही गैर घडले, असा त्याचा समज होई.

विंडोज ९५ च्या नंतरच्या आवृत्तीतील व विंडोज ९८ मधील आणखी एक सूचना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. संगणक अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला की, तो योग्य रीतीने बंद न केल्यामुळे तबकडीची तपासणी होत आहे असे पडद्यावर दिसे, आणि ही सूचना पुन्हा दिसू नये यासाठी संगणक नेहमी ठरलेल्या पद्धतीने बंद करावा असा उपदेशही केला जाई. संगणक वापरकर्त्याने बंद केला की तो स्वतःच कोसळला, हा भेद त्या सूचनेला नव्हता. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर यात वीज जाण्याची भर पडली. काम नष्ट झाले ते विजेमुळे, सॉफ्टवेअरमुळे की स्वतःच्या चुकीमुळे, हे सांगणे ग्राहकाला आणखी अवघड झाले.

हळूहळू बिघाड हा ऋतुमानासारखा गृहीत धरला जाऊ लागला. दर काही मिनिटांनी काम जतन करावे, संगणक ‘हँग’ झाला तर पुन्हा सुरू करावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर संपूर्ण प्रणाली नव्याने बसवावी, हे संगणक साक्षरतेचेच धडे मानले गेले. ‘हँग होणे’ हा शब्दप्रयोग मराठी बोलण्यात इतका रुळला की थकलेल्या डोक्यालाही तो लावला जाऊ लागला. भाषेने स्वीकारलेली गोष्ट समाजानेही स्वीकारलेली असते. ग्राहकाचा असंतोष येथे नाहीसा झाला नाही. तो सवयीत मुरला.

४. परवाना करार आणि न्यायालये

या सवयीला कायद्याचे पाठबळ होते. दुकानातून आणलेले सॉफ्टवेअर हे विकत घेतलेले नसून केवळ वापराच्या परवान्यावर दिलेले आहे, अशी उत्पादकांची भूमिका होती. वेष्टनात किंवा पडद्यावर असलेल्या कराराला संमती दिल्याखेरीज ते वापरता येत नसे. विंडोज एक्सपीच्या परवाना करारात हमीचा कालावधी ९० दिवसांचा होता आणि कंपनीचे आर्थिक दायित्व ग्राहकाने सॉफ्टवेअरसाठी मोजलेली रक्कम किंवा पाच अमेरिकी डॉलर यांपैकी अधिक असेल तेवढ्यापुरते सीमित केलेले होते. नाहीशा झालेल्या हिशेबाचे, प्रबंधाचे किंवा दिवसभराच्या श्रमाचे मूल्य त्यात धरलेले नव्हते.

अमेरिकी न्यायालयांनी असे करार सामान्यतः ग्राह्य मानले. १९९६ मध्ये प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग या खटल्यात सातव्या विभागीय अपील न्यायालयाने वेष्टनातील परवाना बंधनकारक ठरविला. त्यानंतरचा मॉर्टेन्सन विरुद्ध टिंबरलाइन हा खटला ग्राहकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मॉर्टेन्सन या बांधकाम कंपनीने सिएटल येथील एका रुग्णालयाच्या कामासाठी टिंबरलाइनच्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने निविदा तयार केली. सॉफ्टवेअरमधील दोषामुळे ती सुमारे साडेएकोणीस लाख डॉलरने कमी भरली गेली. हा दोष उत्पादकास आधीच ज्ञात होता आणि काही ग्राहकांना सुधारित आवृत्तीही देण्यात आली होती. तरीही २००० मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परवान्यातील दायित्व-मर्यादेचे कलम उचलून धरले. मॉर्टेन्सनला नुकसानभरपाई मिळाली नाही.

याच वर्षी अमेरिकेतील व्हर्जिनिया व मेरीलँड या राज्यांनी संगणकीय माहितीच्या व्यवहारांविषयी एक समान नमुना कायदा स्वीकारला. तो उत्पादकांना झुकते माप देणारा आहे, अशी टीका ग्राहक संघटना, ग्रंथालये व अनेक कायदेतज्ज्ञ यांनी केली. या विरोधामुळे अन्य कोणत्याही राज्याने तो स्वीकारला नाही. उलट आयोवासारख्या काही राज्यांनी त्यापासून आपल्या नागरिकांना संरक्षण देणारे कायदे केले. संघटित ग्राहकमत येथे प्रथमच काही प्रमाणात यशस्वी झाले. परंतु हे यश नवे संकट थोपविण्यापुरते होते. जुन्या परवाना करारांना त्याने धक्का लागला नाही.

५. तक्रारीचे मोजमाप

परिस्थितीत खरा पालट घडवून आणला तो एका साध्या खिडकीने. ऑफिस एक्सपी व विंडोज एक्सपी या २००१ मधील उत्पादनांत आज्ञावली कोसळताच त्या बिघाडाचा अहवाल मायक्रोसॉफ्टकडे पाठवावा काय, अशी विचारणा होऊ लागली. होकार दिल्यास बिघाडाच्या क्षणाची तांत्रिक माहिती इंटरनेटद्वारे कंपनीकडे जाई. तेथे सारख्या स्वरूपाचे अहवाल एकत्र केले जात आणि कोणता दोष किती संगणकांवर उद्भवला हे कळे.

ऑक्टोबर २००२ मध्ये स्टीव्ह बामर यांनी ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात या अहवालांतून निघालेला निष्कर्ष जाहीर केला. सुमारे २० टक्के दोषांमुळे ८० टक्के बिघाड होतात आणि अवघ्या एक टक्का दोषांमुळे निम्मे बिघाड होतात, असे त्यातून दिसून आले. याचा अर्थ असा की, असंख्य आणि असाध्य वाटणाऱ्या त्रासाचे मूळ थोड्या ठिकाणी एकवटलेले होते. ते वर्षानुवर्षे दूर झाले नव्हते, कारण कोणत्या दोषाने किती लोक त्रस्त आहेत याची मोजणीच झालेली नव्हती.

या मोजणीने ‘दोष कोणाचा’ या प्रश्नालाही उत्तर दिले. विंडोज एक्सपीच्या नोंदविल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होतात, असे वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात नमूद केले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात टॉम बॉल व श्रीराम राजामणी यांनी ‘स्लॅम’ या प्रकल्पात ड्रायव्हरमधील चुका तो चालविण्यापूर्वीच गणिती पद्धतीने शोधण्याचे तंत्र विकसित केले आणि त्यातून ड्रायव्हर तपासणारे साधन तयार झाले. विंडोज व्हिस्टाच्या ६४ बिटांच्या आवृत्तीत अधिकृत स्वाक्षरी नसलेले ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात बसविण्यास मज्जाव करण्यात आला.

तथापि ही आकडेवारी ग्राहकाच्या हाती आपणहून आली नाही. ३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी विक्रीस आल्यानंतर, ‘व्हिस्टासाठी योग्य’ असे लेबल लावून विकलेल्या काही संगणकांवर तिची महत्त्वाची वैशिष्ट्ये चालत नाहीत, अशा तक्रारीवरून ग्राहकांनी मायक्रोसॉफ्टवर दावा दाखल केला. या दाव्यात सादर झालेल्या अंतर्गत पत्रव्यवहारातून, नोंदविलेल्या व्हिस्टा-बिघाडांपैकी जवळजवळ २९ टक्के बिघाड एनव्हिडिया या एकाच कंपनीच्या ड्रायव्हरमुळे झाल्याची माहिती बाहेर आली. खरेदीपूर्वी ग्राहकाला अत्यंत उपयुक्त ठरली असती अशी ही माहिती त्याला न्यायालयाच्या कागदपत्रांतून कळावी, यातच मोजमापाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. २००९ मध्ये या दाव्याचे सामूहिक स्वरूप न्यायालयाने रद्द केले.

६. सुरक्षेचे संकट

ग्राहकांचा संताप आणि मोठ्या संस्थांचे हित एकत्र आले ते सुरक्षेच्या प्रश्नावर. जुलै २००१ मध्ये ‘कोड रेड’ आणि सप्टेंबर २००१ मध्ये ‘निम्डा’ या संगणकीय कृमींनी मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमधील उणिवांचा लाभ घेऊन जगभर उच्छाद मांडला. गार्टनर या सल्लागार संस्थेने या दोन्हींचा फटका बसलेल्या उद्योगांना मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरला पर्याय शोधण्याचा सल्ला दिला. घरगुती ग्राहकाच्या नाराजीने जे साधले नव्हते ते मोठे ग्राहक गमावण्याच्या भीतीने साधले. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी सर्व कर्मचाऱ्यांना पत्र लिहून विश्वासार्हतेला नव्या वैशिष्ट्यांहून अग्रक्रम देण्याचा आदेश दिला. त्यानंतर विंडोजचे नवनिर्माण काही आठवडे थांबवून सुमारे साडेआठ हजार अभियंत्यांना सुरक्षित आज्ञावली-लेखनाचे प्रशिक्षण देण्यात आले.

तरीही ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ कृमीने असंख्य संगणकांवर साठ सेकंदांची उलटी गणती सुरू करून ते पुन्हा पुन्हा बंद पाडले. त्या उणिवेवरील दुरुस्ती जुलैमध्येच उपलब्ध झाली होती. परंतु ती स्वतः शोधून बसविण्याची जबाबदारी ग्राहकावर होती. विशेष म्हणजे, गेट्स यांनी पैसे मिळविणे थांबवून सॉफ्टवेअर दुरुस्त करावे, अशा आशयाचा मजकूर त्या कृमीतच दडविलेला होता. ग्राहकांच्या मनातील राग एका गुन्हेगारी कृतीने उच्चारावा आणि त्याचा उपद्रव पुन्हा त्या ग्राहकांनाच व्हावा, हा या इतिहासातील दैवदुर्विलास म्हणावा लागेल. पुढील वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या सुधारसंचात संरक्षक भिंत आपोआप कार्यान्वित करण्यात आली आणि स्वयंचलित दुरुस्ती चालू ठेवण्याचा आग्रह धरण्यात आला. जबाबदारीचा काही भार तरी ग्राहकाकडून उत्पादकाकडे सरकला.

७. मोजमापाच्या मर्यादा

विंडोज ७ व त्यानंतरच्या प्रणाली पूर्वीच्या मानाने निश्चितच स्थिर झाल्या. परंतु स्वयंचलित दुरुस्तीमुळे नव्या प्रकारचा धोका निर्माण झाला. २ ऑक्टोबर २०१८ रोजी वितरित झालेल्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीने काही वापरकर्त्यांच्या वैयक्तिक फाइल्स नष्ट केल्या आणि काही दिवसांतच तिचे वितरण थांबवावे लागले. असे घडत असल्याची तक्रार चाचणीत भाग घेणाऱ्या स्वयंसेवकांनी आधीच नोंदविली होती. मात्र तिला पुरेशा लोकांचा दुजोरा नसल्याने ती हजारो तक्रारींत मागे पडली. थोड्यांना होणारा, पण भरून न येणारा त्रास संख्येच्या मोजपट्टीवर क्षुल्लक ठरला. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तक्रारीसोबत तिचे गांभीर्य नोंदविण्याचीही सोय केली. किती जणांना त्रास झाला यासोबत केवढा त्रास झाला हेही विचारावे लागते, हा धडा त्यासाठी काहींना आपली छायाचित्रे व कागदपत्रे गमावून द्यावा लागला.

१९ जुलै २०२४ रोजी याहून व्यापक संकट ओढवले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर थांबले. ही संख्या एकूण विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहून कमी असली तरी त्यांत विमान कंपन्या, रुग्णालये व बँकांचे संगणक होते. मुंबईसह भारतातील अनेक विमानतळांवर प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. काहींना हस्तलिखित प्रवेशपत्रे देण्यात आली. कित्येक संगणक तंत्रज्ञांना एकेक करून स्वहस्ते दुरुस्त करावे लागले. प्रणालीच्या गाभ्यात बाहेरच्या आज्ञावलीला दिलेला प्रवेश हेच येथेही बिघाडाचे मूळ होते. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीने भरपाईसाठी दावा केला, तेव्हा करारातील दायित्व-मर्यादेचा मुद्दा पुन्हा पुढे आला. रखडलेला प्रवासी तर या कराराचा पक्षकारही नव्हता.

८. भारतीय ग्राहक आणि बदलता कायदा

ग्राहक चळवळीची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात सुरू केलेले ग्राहक पंचायतीचे कार्य आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत यांनी वजनमापे, भेसळ व किमती या प्रश्नांवर लोकमत जागृत केले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने या चळवळीला देशव्यापी आधार दिला. परंतु भेसळयुक्त तेल प्रयोगशाळेत दाखविता येते. कोसळलेल्या संगणकाचा पुरावा तो पुन्हा सुरू करताच पुसला जातो. शिवाय परवान्याविना प्रत वापरणाऱ्या ग्राहकाला तक्रार करण्यास जागाच नव्हती.

५ नोव्हेंबर २००४ रोजी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तबकडीवर विकले जाणारे तयार सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ आहे, असा निर्णय दिला. प्रश्न विक्रीकराचा होता. सदोष सॉफ्टवेअरच्या भरपाईचा विचार न्यायालयापुढे नव्हता. तरीही सॉफ्टवेअर कर घेण्यापुरती वस्तू आणि बिघाडाच्या वेळी केवळ परवाना ठरावे काय, हा प्रश्न या निर्णयाने ठळक केला. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणि अन्यायकारक कराराची संकल्पना आणली आहे. सॉफ्टवेअरचा स्पष्ट उल्लेख मात्र त्यातील उत्पादनाच्या व्याख्येत नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या उत्पादन-दायित्व निर्देशात तो उल्लेख केला असून वैयक्तिक वापरातील माहिती नष्ट होणे ही हानीही त्यात समाविष्ट केली आहे. सदस्य राष्ट्रांना या निर्देशाच्या अंमलबजावणीसाठी ९ डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत देण्यात आली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) घरगुती प्रणालींची अस्थिरता अज्ञानातून उद्भवली नव्हती. मेमरीची किंमत व जुन्याशी सुसंगती यांना दिलेल्या अग्रक्रमातून ती पत्करली गेली, आणि स्वस्त संगणकाच्या रूपाने तिचा लाभ ग्राहकालाही मिळाला.

२) या निवडीचा खर्च परवाना करार, विभागलेली जबाबदारी आणि पुन्हा सुरू करण्याची सवय यांच्यामार्फत ग्राहकाच्या वेळेतून व श्रमांतून वसूल झाला.

३) विखुरलेली तक्रार निष्प्रभ राहिली, मोजलेल्या तक्रारीने अभियांत्रिकी बदलली आणि मोठ्या ग्राहकांच्या दबावाने अग्रक्रम बदलले.

४) मोजमाप उत्पादकाच्याच ताब्यात असल्याने कोणत्या त्रासाला महत्त्व द्यायचे हे तोच ठरवितो. थोड्यांचे गंभीर नुकसान त्यात दुर्लक्षित राहू शकते.

भेसळ ओळखण्यासाठी ग्राहक चळवळीने उत्पादकाच्या शब्दावर विसंबणे सोडले आणि स्वतंत्र तपासणीचा आग्रह धरला. सॉफ्टवेअरच्या बाबतीत असा आग्रह अद्याप क्षीण आहे. बिघाडांची आकडेवारी सार्वजनिक व्हावी आणि नाहीशा झालेल्या कामाला कायद्याने नुकसान मानावे, या दोन मागण्या ग्राहक संघटनांनी आपल्या कार्यक्रमात समाविष्ट करणे आवश्यक आहे. त्या मान्य होईपर्यंत सदोष प्रणालीचा भुर्दंड संगणक पुन्हा सुरू करणाऱ्यालाच भरावा लागेल.